केसाळ पिल्लू आणि आईवरचा आळ

कुणी कामं आटोपून रेडिओजवळ बसल्या असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही कुत्र्याच्या केसांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या केसांवरून आमच्या गटात दोन महिने धुसफूस चालली होती, आणि एका ताईंचे पैसेही त्यात अडकले होते.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंची कोंबड्यांची शेड आहे. राखणीला त्यांनी रॉटवायलर जातीची कुत्री आणली. अंग काळंभोर, डोळ्यांवर, छातीवर आणि पायांवर तांबूस खुणा, केस आखूड. पुढे ओळखीच्या एकांकडचा त्याच जातीचा नर दाखवला. कुत्री व्याली, आठ पिल्लं झाली. काही आठवड्यांत दिसायला लागलं, सहा पिल्लं आईसारखी आणि दोन अस्वलाच्या पोरांसारखी केसाळ. कानांना झुपके, पायांना आणि शेपटीला झालर.

पिल्लं घेतो म्हणालेला माणूस आला, बघितलं आणि म्हणाला, "कुत्री कुठंतरी जाऊन आलेली दिसते. ही भेसळ आहे. मला एकही नको." नरवाल्यांनीही हात झटकले. ताई सांगत होत्या की माझी कुत्री त्या दिवसांत शेडमध्ये कोंडलेली होती, बाहेर सोडलीच नाही. पण ऐकतं कोण? खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काही जणींनी मान डोलावली. शेवटी आम्ही तिघीजणी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आधी या जातीविषयी थोडं. रॉटवाइल हे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातलं जुनं गाव. तिथं गुरांचा मोठा बाजार असे. गुरं हाकायला, खाटकांच्या मालाची राखण करायला आणि गाड्या ओढायला ही कुत्री होती. गावावरूनच नाव पडलं रॉटवायलर. पुढे रेल्वे आली, गुरं हाकायचं काम गेलं आणि ही जात कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पोलिसांच्या कामाला लागली आणि पुन्हा वाढली. १९२१ साली जर्मनीत या जातीचा जो संघ झाला, तो आजही आहे.

तिकडची थंडी, पाऊस, बर्फ सोसायला कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर मध्यम लांबीचा, राठ, दाट आणि अंगाला चिकटून बसणारा. त्याच्याखाली मऊ लव, तिला अंडरकोट म्हणतात. वरचा थर पाणी अडवतो, आतली लव ऊब धरते. जातीच्या नियमात लिहिलंय की आतली लव वरच्या केसांतून बाहेर दिसू नये, आणि मागच्या पायांवर केस थोडे लांब असले तर चालतात. फार लांब किंवा कुरळे केस असलेलं कुत्रं प्रदर्शनात बाद होतं. पण प्रदर्शनात बाद म्हणजे भेसळ नव्हे, आणि आजारी तर नव्हेच.

मग आखूड केसांच्या आईबापांना केसाळ पिल्लू कसं होतं? डॉक्टरांनी दाण्यांचा हिशेब सांगितला. प्रत्येक पिल्लाला केसांच्या लांबीचे दोन दाणे मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. आखूड केसांचा दाणा जोरकस, लांब केसांचा दबून राहणारा. एक दाणा आखडाचा आणि एक लांबाचा असेल तर कुत्रं आखूड केसांचंच दिसतं. लांबाचा दाणा आत लपून राहतो, पिढ्यान् पिढ्या कळतही नाही. असे लपलेले दाणे आई आणि बाप दोघांकडे असले, तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्ही दाणे लांबाचे मिळतात. ते केसाळ होतं. आठात दोन झाली ती अशी. दर वेळी हिशेब असाच बसतो असं नाही, कधी एकही होत नाही, कधी तीन होतात. केसांच्या लांबीच्या या दाण्याचं शास्त्रातलं नाव एफजीएफ-५.

आता नीट लक्ष द्या. केसाळ पिल्लाला एक दाणा बापाकडूनही यावाच लागतो. म्हणजे बोट फक्त आईकडे दाखवून चालत नाही. नुसत्या केसांवरून कुत्री भटकली असं म्हणता येत नाही. खरंच शंका असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवून तपासणीला पाठवता येतो, त्यात आईबाप कोण ते कळतं आणि लपलेला दाणाही कळतो. हे ऐकून आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. मुलगी झाली की सुनेला बोलणारी घरं आपल्याला माहीत आहेत. आम्ही इतकं सोसून शहाण्या झालो, आणि मुक्या जनावराच्या बाबतीत आम्हीही तसंच बोललो.

आपल्याकडेही याचं उदाहरण आहे. कारवानी कुत्री आपण ओळखतो, आखूड केसांची, सडपातळ. त्यांच्यातच कानांना आणि शेपटीला रेशमी झालर असलेलं पश्मी असतं. त्याला कुणी भेसळ म्हणत नाही.

आतल्या लवेची गोष्ट थोडी वेगळी. ती कमीजास्त असण्यात रक्ताचा वाटा असतो, तसा हवामानाचाही असतो. थंड मुलखात लव दाट येते, उष्ण भागात विरळ राहते. ऋतू बदलला की ती गळते, घरभर केस होतात. हे साहजिक आहे. पण कातडी दिसेल असे चकंदळ पडले, खाज, खपल्या किंवा वास असेल, तर खरूज, बुरशी किंवा दुसरा आजार असू शकतो. तेव्हा घरगुती तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळा आला की पुष्कळ जण म्हणतात, कातरून टाका बिचाऱ्याला. आमच्यातल्या एकीनं मशीनही आणलं होतं. मेंढी कातरतात म्हणून कुत्रंही कातरायचं असं नसतं. मेंढीची लोकर वाढतच राहते. कुत्र्याचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि गळतात. मुळापासून कातरले तर ऊन थेट कातडीला लागतं, आणि केस पुन्हा सारखे येतीलच असं नाही. त्यापेक्षा रोज दाताळ्या फणीनं विंचरून मोकळी झालेली लव काढा. विंचरताना कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, केसाळ कुत्र्यात ते लपून राहतात.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ काढून धापा टाकतं आणि त्यातूनच गार होतं. रॉटवायलर काळा आणि अंगानं जड, त्याला ऊन लवकर बाधतं. दुपारी पत्र्याच्या शेडखाली बांधू नका. झाडाची सावली, वारा आणि भरलेलं पाणी हवं. फिरवायचं ते सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर ऊन लागलं समजा. सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. कुत्र्याचा ताप साधारण १०१ ते १०२.५ असतो. १०६ च्या वर गेला तर जिवावर बेततं.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केसाळ पिल्लू "दुर्मिळ" म्हणून कुणी चढ्या भावानं विकत असेल तर भुलू नका, केसांमुळे राखण जास्त होत नाही. आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा दुसरा नियम आम्हालाही तेव्हाच कळला. ताईंनी त्यानंतर कागदपत्रांची चौकशी केली आणि कुत्रीला पुन्हा त्या नराकडे न्यायचं नाही असं ठरवलं.

आखूड केसांची सहा पिल्लं नंतर चांगल्या घरी गेली. केसाळ दोघांपैकी एक ताईंच्या शेडवर आहे, दुसरं आमच्या गटाच्या शेळ्यांच्या गोठ्यात. रात्री पान हललं तरी उठतं. आणि गटाच्या बैठकीत आम्ही ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागता? तिची मागा." आणि कुत्रीकडे बोट दाखवलं.

तुमच्या गावात असं काही घडलं असेल तर आम्हाला नक्की कळवा. येतो आम्ही, रामराम.