हाताशी असलेले भांडवल



धंदा सुरू करावयाचा म्हटले की पहिली चौकशी होते ती भांडवलाची. पैसा कोठून आणावयाचा, या विवंचनेत कोणती वस्तू करावयाची आणि ती घेणार कोण, हे प्रश्न मागेच राहतात. हा क्रम उलटा आहे. तो का उलटा आहे, हे समजून घेण्यासाठी म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी वसलेल्या नंजनगूडकडे पाहावे.

श्रीकंठेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी १९१३ साली वैद्य बी. व्ही. पंडित यांनी 'सद्वैद्यशाला' ही आयुर्वेदीय औषधांची संस्था काढली. तिचे नाव घराघरांत पोचले ते एखाद्या दुर्मिळ रसायनामुळे नव्हे, तर गुलाबी रंगाच्या साध्या दंतमंजनामुळे. त्यासाठी त्यांनी वापरले भाताचे तूस. तांदूळ काढल्यावर जे फेकून द्यावयाचे, तेच या धंद्याचा कच्चा माल झाले.

त्याच १९१३ साली, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, म्हैसूर बँकेची स्थापना झाली. संस्थानात उद्योगाला अनुकूल वारे वाहत होते. परंतु बँक पैसा देऊ शकते. टाकाऊ तुसात विकाऊ वस्तू पाहण्याची दृष्टी देऊ शकत नाही. ती वैद्याच्या स्वतःच्या विद्येतून आली. आपले ज्ञान, आपल्या परिसरातील माल आणि शेजाऱ्याची रोजची गरज या तिहींची गाठ जेथे पडते, तेथून आरंभ करावा, हे पहिले तत्त्व होय.

दुसरे तत्त्व गिऱ्हाइकाच्या सवयीविषयी आहे. राखेने किंवा कोळशाने दात घासणाऱ्या माणसाला मंजन परके वाटत नाही. जुनी सवय न मोडता त्याला अधिक चांगली वस्तू मिळते. जी वस्तू सवयीच्या विरुद्ध जाते, तिची वाट बिकट असते. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगर पडून राहिले. वस्तू चांगली होती. विश्वास मिळावयाचा होता. म्हणून नवी वस्तू काढणाऱ्याने ती तयार करण्याच्या खर्चाबरोबरच वाट पाहण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा. पुष्कळ धंदे वस्तू वाईट म्हणून नव्हे, तर पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी गंगाजळी आटते म्हणून बुडतात.

तिसरे तत्त्व सातत्याचे. मंजनाची पुडी फार थोड्या पैशांची वस्तू. एका पुडीवर नफा तो किती सुटणार? परंतु ती संपते आणि पुन्हा घ्यावी लागते. अशा धंद्यात खरी विक्री पहिल्या पुडीची नसून दुसऱ्या पुडीची असते. दुसऱ्या वेळी पूड भरड निघाली, वजनात कमी भरली किंवा चव बदलली, तर गिऱ्हाईक भांडत नाही. ते मुकाट्याने दुसऱ्या दुकानी जाते. त्याचे मौन हीच धंद्यातील सर्वांत महागडी तक्रार होय.

पुढे टूथपेस्ट आली, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आल्या. तरी नंजनगूडच्या मंजनाने शंभरी ओलांडली. म्हणून भांडवलाची चौकशी जरूर करावी. मात्र त्याआधी आपल्या अंगणातील तुसाच्या ढिगाकडे एकदा नीट पाहून घ्यावे.