घर हीच पहिली शाळा



झेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. पाव भाजणारा, शिंपी, बाग, पक्षी असे नित्याचे जगच त्यात चित्रबद्ध होते. पहिल्या सहा वर्षांची शाळा म्हणजे मातेचे सान्निध्य, असे त्याने त्यापूर्वीच प्रतिपादिले होते.

आज अडीच वर्षांच्या बालकास शिकवणीला धाडले जाते. घरी मात्र चित्रपुस्तक उघडण्यास कोणाला सवड नसते. वाटाणे सोलताना मोजणी, कापडाच्या चिंध्यांतून रंगांची ओळख, आजीच्या मांडीवर पुस्तक, हेही शिक्षणच होय. चित्र पाहून बालक स्वतःची गोष्ट रचू लागले, तर ती शांतपणे ऐकावी. चुका काढू नयेत.

शिकवणीचे शुल्क पुढेही भरता येईल. ही सहा वर्षे मात्र पुन्हा येणार नाहीत.