आपला वास आपल्याला येत नाही

विलेपार्ले स्टेशन जवळ आलं की एकेकाळी भाजल्या बिस्किटांचा खमंग वास यायचा. १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि तो वासही गेला. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या बोरिवलीकराला तो चटकन जाणवायचा. आम्हा पार्लेकरांना मात्र पाहुण्यानं विचारलं की आठवण व्हायची. नाकाचा स्वभावच तसा आहे. एखादा वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. अंगाच्या वासाचंही तेच. ज्याच्या अंगाला वास येतो, त्याला तो सर्वांत शेवटी कळतो, कळला तर!

संध्याकाळच्या बोरिवली स्लोमध्ये कडी धरायला हात वर जातात, तेव्हा शेजारी तोंड फिरवतो. आपण समजतो, गर्दीला कंटाळला असेल.

खरं तर ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. काखेत आणि जांघेत ज्या खास घर्मग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर काम करू लागतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू पोसले जातात आणि त्यातून उग्र वास निर्माण होतो. म्हणून न धुतलेल्या काखेवर डिओचा फवारा मारला, तर घाम आणि सुगंध मिळून तिसराच वास तयार होतो!

उपाय साधेच आहेत. आंघोळीत काखा, जांघा आणि पायाची बोटं साबणानं नीट धुवावीत आणि तितकीच नीट कोरडी करावीत. मुंबईच्या दमट हवेत हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. काखेतले केस कातरून आखूड ठेवावेत. बनियन आणि मोजे रोज बदलावेत. टेरिकॉट-पॉलिएस्टरपेक्षा सुती कपड्यांत वास कमी साठतो. पावसाळ्यात कुबट राहिलेला शर्ट अत्तर लावून घालू नये, पुन्हा धुवावा. बुटांना एक दिवसाआड विश्रांती द्यावी. दात घासताना जीभही स्वच्छ करावी. दाढीनंतर फिरवायची तुरटी ओली करून काखेत फिरवली, तरी जिवाणूंना आळा बसतो. फक्त कापलेल्या त्वचेवर ती लावू नये. घाम रोखणारं औषधी मलम रात्री कोरड्या त्वचेवर लावलं तर अधिक गुण येतो. हे सगळं झालं, की मग अत्तराचा एखादा थेंब शोभतो.

एवढं करूनही घाम निथळत असेल किंवा वास अचानक बदलला असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागला, तर मधुमेह बळावल्याचं ते लक्षण असू शकतं. तिथे उशीर नको.

राहिला प्रश्न सांगायचं कुणी? ऑफिसात कुणी तोंडावर बोलत नाही. लोक पाठीमागे हसतात, हळूहळू खुर्ची लांब सरकवतात, आणि त्या बिचाऱ्याला कारणही कळत नाही. घरातली बायको "अहो, हा शर्ट टाका धुवायला" म्हणते किंवा मुलगी "बाबा, आधी आंघोळ" म्हणते, तेव्हा आपण चिडतो. चिडू नये. आपलं नाक जे सांगत नाही, ते सांगणारी ही आपली माणसं आहेत. आणि मित्राला सांगायची वेळ आपल्यावर आली, तर चारचौघांत नको. त्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावं.