जुनी पिकअप घेताना



आज जुन्या पिकअप गाडीबद्दल बोलू. आपलं गाव वर्धा-नागपूर रस्त्यावरचं. इथला कापूस, तूर, सोयाबीन, भाजीपाला कधी सेलूला जातो, कधी वर्ध्याला, कधी नागपूरला कळमन्याच्या बाजारात. दर खेपेला भाड्याची गाडी शोधा, तिची वाट पाहा. मग घरात बोलणं निघतं, "आपलीच एक गाडी का घेऊ नये?" नवी परवडत नाही. म्हणून कोणी जुनी बोलेरो पिकअप पाहतो, कोणी टाटाचा छोटा हत्ती.

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो. रंगावर भुलत नाही. गाडीला मात्र नवा रंग दिसला, की माणूस लगेच इसार काढून देतो!

गाडी पाहायला सकाळी जा. मालकाला आधीच सांगा, "भाऊ, इंजिन चालू करू नका, आम्ही येतो." तरी गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर समजा, गाडी आधीच तापवून ठेवली आहे. खरी परीक्षा थंड इंजिनाचीच. चालू करताना थोडा धूर निघाला, तर त्याचं काही नाही. पण निळा धूर निघतच राहिला, तर इंजिन ऑइल खातं. ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलं आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

मग गाडीखाली वाका. कपड्यांचा विचार करू नका. चेसिसला कुठे तडा आहे का, नवी वेल्डिंग आहे का, ते पाहा. पाटे मोजा, एखादा तुटला असेल. टायर एकाच बाजूने झिजला असेल, तर कारण विचारा. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. तो दलालाच्या ओळखीचा नको, आपल्या ओळखीचा हवा. शेवटी गाडीत थोडा माल भरून चढावर चालवा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते.

आता कागद. लोक फसतात ते इंजिनापेक्षा इथे जास्त. शेताला सातबारा, तसं गाडीला आरसी. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असतो, तसा आरसीवरही असतो. बोजा असेल, तर आधी बँकेचं 'कर्ज फिटलं' असं पत्र मागा. चेसिसवरचा नंबर आरसीतल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. आता तुम्हाला वाचता येतं, हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. विमा कधी संपतो, दंडाची चलानं किती बाकी आहेत, तेही पाहा. फिटनेस मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी घ्यावं लागतं, पुढे दरवर्षी.

फेरफार झाल्याशिवाय शेत आपल्या नावावर होत नाही. गाडीचंही तसंच. नमुना २९ आणि नमुना ३० यांवर सह्या करून ते आरटीओत द्यायचे असतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. "पैसे दिले, चावी मिळाली, झालं" असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. तेव्हा आपली जुनी गाडी विकणाऱ्यानेही जागं राहावं. गाडी दुसऱ्याकडे, अपघात त्याच्या हातून, आणि भरपाईची नोटीस आपल्या दारी!

आरसीत दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. मोठ्यातून लहान वजा करा. समजा २,९९० किलोतून १,७४० गेले. राहिले १,२५०, म्हणजे साडेबारा क्विंटल. माणसं आणि माल मिळून तेवढंच न्यायचं. २०१९ पासून कायद्यात जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पाटे तुटतात, ब्रेक लागत नाही, ते वेगळंच.

आणि लग्नाचं वऱ्हाड मागे बसवू नका. माझं बोलणं कडू लागेल, पण ऐका. मालगाडीत अशी बसवलेली माणसं अपघातात सापडली, तर त्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. मग भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते. त्यात शेत जाऊ शकतं. जीव गेला, तर तो कोणत्याच भरपाईने परत येत नाही.

गाडी घरी आली, की आधी ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या मालकाने कधी बदलले, ते आपल्याला ठाऊक नसतं. कापसाच्या दिवसांत हवेचा फिल्टर लवकर भरतो, म्हणून तो मधूनमधून काढून पाहा. रोज सकाळी निघण्याआधी ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि टायरची हवा पाहा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. ब्रेक खाली जाऊ लागला, तर "उद्या पाहू" म्हणू नका. गाडी तिथेच उभी करा.

गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल किती टाकलं, भाडं किती मिळालं, मिस्त्रीला काय दिलं, एवढं लिहा. घरातल्या बाईने लिहिलं तरी चालेल. बहुतेक घरांत तीच जास्त नीट लिहिते. चार महिन्यांनी बेरीज करा. खर्च भाड्यापेक्षा जास्त दिसला, तर ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा, आणि डिझेल कोणत्या महिन्यापासून जास्त लागू लागलं, ते त्याला दाखवा.