नियमांचा फलक मोठ्यांसाठीही

(वसतिगृह अधीक्षक, शिक्षक आणि मंडळीतील मदतनीस यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहात पाऊल टाकले की भिंतीवर नियमांचा फलक दिसतो. पहाटे उठावे, अंथरूण घडी करून ठेवावे, ताटात अन्न टाकू नये, विचारल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ नये. सगळे नियम मुलांना. मोठ्यांसाठी एक ओळही नसते. रात्री मुलींच्या खोलीकडे कोणी जावे, अधीक्षकांविरुद्धच तक्रार असेल तर लेकराने कोणाला सांगावे, पाहुण्यांनी मुलांशी कसे वागावे, हे कुठेच लिहिलेले नसते.

छडीचे थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. तरी "ताई, थोडा मार लागतोच" असे म्हणत काहीजण नीतिसूत्रांकडे बोट दाखवतात. आपल्या मुलांचे वडील शेळ्या चारतात, त्यांना विचारा. काठी असते ती कोल्ह्या-लांडग्यासाठी आणि वाट दाखवण्यासाठी.

छळाचा दुसरा प्रकार आपल्याला छळ वाटतच नाही. धडगावकडचे लेकरू घरी पावरी बोलते, नवापूरकडचे मावची. पहिलीत आल्यावर त्याला मराठी उमगत नाही, ते गप्प बसते, आणि आपण त्याला मंद ठरवतो. कोणी त्याला 'जंगली' म्हणतो आणि वर्ग हसतो. हे शब्द नियमावलीत नावानिशी लिहून बंद करावे लागतील. 'प्रेमाने वागावे' एवढे लिहून भागत नाही.

आता जड विषय. लेकराशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे पॉक्सो कायदा, 2012 याप्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण आपल्याकडे पहिली बैठक होते ती "आपसात मिटवू या, मिशनचे नाव जाईल" अशी. मग मत्तयाचा 18 वा अध्याय काढतात: आधी भावाकडे एकट्याने जा.

तोच अध्याय सुरुवातीपासून वाचा. प्रभू एका लेकराला बोलावतो, शिष्यांच्या मधोमध उभे करतो, आणि अशा लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल जात्याच्या तळीची ती भयंकर गोष्ट बोलतो. भावाकडे जाण्याची शिकवण त्यानंतर येते, आणि ती दोन भावांसाठी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला, जिने तिला छळले त्याच्याकडे एकटीने पाठवणे हा त्या वचनाचा अर्थ होऊच शकत नाही. आरोपी आपला जुना सेवक असेल, चांगला प्रार्थना करणारा असेल, तरी फोन पोलिसांनाच जायला हवा. 1098 हा बालमदत क्रमांक मुलांच्या उंचीवर लिहा. अधीक्षकांच्या खोलीत लिहून काय उपयोग?

मदत करणाऱ्या मंडळींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, राग मानू नका. नाताळात तुम्ही खाऊ आणि स्वेटर घेऊन येता, मुले आनंदतात. पण नाक वाहणाऱ्या मुलीचा फोटो नाव-गावासह व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तेव्हा तिच्या आईला कोणी विचारलेले असते का? आपल्या स्वतःच्या मुलीचा तसा फोटो आपण चालवून घेऊ का?

दुसरी गोष्ट उपासनेची. सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेला बसवता येत नाही, असे संविधानाचे कलम 28 सांगते. मी तर म्हणते, आपल्या सगळ्याच वसतिगृहांत, अनुदान असो वा नसो, हे पाळावे. जो सकाळच्या प्रार्थनेला येत नाही त्याचा नाश्ता मागे ठेवायचा नाही. भाकरीच्या बदल्यात मिळालेला विश्वास प्रभूला नको आहे.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक ठिकाणी पालकांची सभा घ्यायची आहे. अनेक आईवडिलांना वाचता येत नाही, म्हणून नियम त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचायचे आहेत, मुलांचे आणि आपलेही. पावरी आणि मावची नीट बोलणारी माणसे मला हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर नाव द्यावे.