मागचं चाक रुंद करताना

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिल्या रांगेतल्या वहिनींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय, की गरम समोसे सोडून हा माणूस आता टायरवर काय बोलणार! पण खरं सांगू का, आजचं माझं बोलणं हँडल धरणाऱ्यापेक्षा त्याच्या मागे बसणाऱ्यासाठी जास्त आहे. वेल्सच्या सहलीला आपल्यातल्या सात मोटरसायकली निघणार आहेत, आणि त्यातल्या चारांवर मागे कुणीतरी बसणार आहे.

त्या सातांत रॉयल एनफील्ड जास्त, हे काही नवल नाही. ती मूळची इथल्याच रेडिचची. १९५५ साली मद्रासला तिचं बूड टेकलं, तिथून आमच्या कोल्हापूर-साताऱ्याच्या रस्त्यांवर आली, आणि आता चेन्नईहून परत इंग्लंडात येते. आपल्यापेक्षा तिचा प्रवास मोठा!

तर, आपल्यातल्याच एका मित्राने सेकंडहँड इंटरसेप्टर ६५० घेतली. मूळ मागचा टायर १३०/७०-१८. आधीच्या मालकाने तिथे १५०/७०-१८ चढवलेला, आणि पुढे वेगळ्याच कंपनीचा, अर्धा झिजलेला. दिसायला गाडी अगदी पैलवान. पण मोटरवेवर साठ मैलांच्या वर गेली की मागून डुलायची, आणि वहिनी मागे बसल्या की जास्तच. एका वर्कशॉपमध्ये दाखवली, तर "सवय होईल" असं उत्तर मिळालं. वहिनींनी मला फोन केला. "भावजी, सवय नक्की कुणाला व्हायची, गाडीला की मला?"

आता टायरवरचे आकडे बघा. १३० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची उंची, रुंदीच्या ७० टक्के. १८ हा रिमचा व्यास, इंचात. म्हणजे रुंदी वाढवली आणि ७० तसंच ठेवलं, की उंचीही वाढते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १३०/७० चा एकूण व्यास येतो सुमारे ६३९ मिलिमीटर, १५०/७० चा ६६७. मागचा भाग १४ मिलिमीटर वर उचलला गेला. एवढ्याने पुढचा फोर्क साधारण अर्धा अंश उभा होतो, ट्रेल कमी होतो, आणि गाडीचं सरळ धावणं थोडं बिघडतं. शिवाय चाकाचा घेर साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे गिअरिंग लांब होतं. ज्या गाडीचा वेग मागच्या चाकावरून मोजला जातो तिचा स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि एबीएसच्या हिशेबातही पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण बदलतं.

"पण रस्त्याला चिकटते ना जास्त?" हा प्रश्न दर वेळी येतो. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यावर ठरतो. मागच्या चाकावर दीडशे किलो आणि हवा ३२ पीएसआय धरली, तर तो भाग सत्तर चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे तळहाताहूनही लहान. टायर रुंद केला तर त्याचा आकार आडवा होतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. वळणावर तर उलटंच होतं. रुंद टायर वाकला की टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून जास्त दूर सरकते, त्यामुळे त्याच वेगात तेच वळण घ्यायला गाडी जास्त कलवावी लागते. मी ढोबळ हिशेब केला. पंचेचाळीस अंशांच्या वळणाला १३० च्या टायरवर पाचेक अंश जादा झुकावं लागतं, १८० च्या टायरवर सातेक. दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या सुपरबाइकला रुंद टायर हवाच, कारण तिथे उष्णता आणि ताकद पेलायची असते. ४७ अश्वशक्तीच्या गाडीला तो कशाला?

रिमचं तर कुणी विचारतच नाही. १८०/५५-१७ हा टायर साडेपाच इंची रिमसाठी असतो, १६०/६०-१७ साडेचार इंचीसाठी. साडेचारवर १८० बसवला तर तो आवळला जातो, मधून उंच टोकदार होतो, आणि १८० लिहिलेला टायर प्रत्यक्षात १७० च्या आसपास भरतो. पैसे १८० चे! नवं रुंद रिम घातलं तर साखळीची रेष बघावी लागते. मागचं स्प्रॉकेट बाहेर सरकवलं, की पुढचंही तितकंच बाहेर हवं, नाहीतर साखळी तिरकी चालते आणि लवकर संपते. चाक मधोमध बसलं नाही तर पुढचं चाक एका रेषेत, मागचं दुसऱ्या, असा खेळ होतो. मित्राच्या गाडीत टायर आणि साखळी यांच्यात करंगळी जाईल एवढीही जागा नव्हती. गरम झालेला टायर फुगतो, साखळी हलते, आणि मग काय होईल ते मी मित्रापुढे बोललो नाही. वहिनी समोर होत्या.

विजोड टायरचा मुद्दा वेगळा. दोन कंपन्यांचे टायर लावणं हा काही गुन्हा नाही. पण कंपन्या पुढचा-मागचा टायर जोडी म्हणून तयार करतात. पुढचा टोकदार आणि मागचा चपटा झाला, तर वळणात दोन चाकं दोन गतीने झुकू बघतात. इथल्या मोटरवेवर मागचा टायर मधोमध सपाट होतो, तेव्हाही तेच. आणि पुढे रेडियल, मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर टाळाच. उलटी जोडी काही कंपन्या स्वतःच देतात, पण ती त्यांनी तपासलेली असते, आपण नाही.

पुण्याच्या भाच्याने हे ऐकून विचारलं, "मामा, तिकडे एवढं कडक आहे का?" त्याला म्हटलं, तिकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिलाय. इथे विमा कंपनीला बदल न कळवता क्लेम केलात, तर पत्र येतं. त्या पत्राची भाषा फार सभ्य असते.

मित्राने शेवटी मागे १३०/७० आणि पुढे त्याच जोडीचा नवा टायर घातला. दोन्ही एकदम बदलल्यामुळे नेमका दोष कशाचा होता हे मी छातीठोक सांगणार नाही, पण डुलणं गेलं. वहिनी आता सहलीच्या यादीत आहेत.

पुढच्या रविवारी दहा वाजता हॉलमागच्या पार्किंगमध्ये गाड्या घेऊन या. हवेचा गेज आणि खाचा मोजायचा मापक मी आणतो. एमओटीला तीन चतुर्थांश रुंदीवर एक मिलिमीटर खाच चालते, पण वेल्सच्या पावसात मला दोन तरी दिसायला हव्यात. टायरच्या कडेला डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते घरूनच वाचून या, म्हणजे चहाला वेळ उरेल.