भाड्याची पावती



या परिषदेचे अध्यक्षस्थान देऊन आपण माझा जो सन्मान केला, त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. माझ्याहून अधिक विद्वान अशी कितीतरी माणसे या सभागृहात असताना आपण माझी निवड केली, ती पालघरच्या दिवाणी न्यायालयात घरभाड्याचे दावे चालविण्यात माझे आयुष्य गेले म्हणूनच केली असावी, असे मी समजतो. तारापूरसारख्या समुद्रकाठच्या जुन्या गावात स्वागत समितीने आपणा सर्वांची जी चोख व्यवस्था ठेवली आहे तिच्याबद्दल मी समितीचे आभार मानतो, गेल्या वर्षात आपल्यातून निघून गेलेल्या सहकाऱ्यांना आदरांजली वाहतो आणि विषयाकडे वळतो.

अध्यक्षाने आपल्या क्षेत्रातील कायदे, निवाडे आणि शासकीय योजना यांचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे, आणि तो मी मोडू इच्छीत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे मानून गोठविले. अर्धशतक उलटल्यावर, १९९७ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने मालकाला दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना आली, २०२० साली तिच्याच अंगाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आली, २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, आणि २०२५ साली आपल्या राज्याने नवे गृहनिर्माण धोरण स्वीकारून औद्योगिक क्षेत्रांतील कामगारांच्या निवासाचा त्यात समावेश केला. या प्रत्येकावर कालपासून येथे अभ्यासपूर्ण निबंध वाचले गेले आहेत. त्यांत चटईक्षेत्र आले, अनुदान आले, व्याजसवलत आली. परंतु ज्या एका कागदावाचून या सर्व योजना बोईसरच्या कामगारापर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्या कागदाचा उच्चार एकाही निबंधात झाला नाही. तो कागद म्हणजे भाड्याची पावती. तिच्याविषयी बोलण्याची संधी मी पुष्कळ वर्षे शोधीत होतो. आज ती मिळाली आहे, तेव्हा आढाव्याचा उर्वरित भाग अहवालात वाचावा, अशी माझी विनंती आहे.

येथून काही मैलांवर तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे शेकडो कारखाने तेथे आहेत, आणि त्यांत राबणारी माणसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश आणि आपल्याच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून येऊन बोईसर, सरावली, खैरापाडा, कोलवडे, कुंभवली, पास्थळ या गावांतील चाळींत राहतात. ही चाळ आपण सर्वांनी पाहिली आहे: समोरासमोर दोन ओळी, मधून उघडे गटार, वर सिमेंटचा पत्रा, दहा बाय दहाची खोली, तीत तीन-चार माणसे, दाराशी पाण्याचे निळे पिंप, आणि ओळीच्या टोकाला एका पेटीत मालकाने बसविलेले विजेचे सबमीटर, ज्यांचा दर वीज कंपनीच्या दराशी जुळत नाही. या खोलीचे भाडे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत रोख दिले जाते. पावती मिळत नाही.

पावती नसल्याने काय होते, हे मी एका दाव्यातून शिकलो. कापडाच्या कारखान्यात काम करणारा ओडिशाचा एक गृहस्थ आपल्या पत्नीसह माझ्याकडे आला. मालकाला चाळ पाडून तेथे इमारत उठवायची होती आणि त्याने खोल्या आठ दिवसांत मोकळ्या करण्यास सांगितले होते. या गृहस्थाजवळ पुरावा म्हणून होती ती एक शंभर पानी वही. तीत प्रत्येक महिन्याची एक ओळ होती: तारीख, रक्कम, बाजूला ‘लाइट’ असे लिहून वेगळा आकडा, आणि शेवटी वसुलीला येणाऱ्या माणसाची निळ्या शाईतील सही, जी खरे पाहता एक वळणदार रेघच होती. अनेक वर्षांच्या ओळी होत्या; एकही महिना चुकला नव्हता. आम्ही मनाईहुकुमासाठी दावा लावला. मालकाने कैफियत दिली की, वादी आपला भाडेकरू नसून आपल्या किराणा दुकानाचे गिऱ्हाईक आहे, ही वही उधारीची आहे, आणि खोलीत तो दुसऱ्या एका कामगाराचा पाहुणा म्हणून राहत होता. वहीत कोठेही ‘भाडे’ हा शब्द नव्हता, खोलीचा क्रमांक नव्हता, मालकाचे नाव नव्हते. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला नाही. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. समोर आलेल्या कागदावर याहून वेगळा निर्णय देणे कठीण होते. पुढील तारखेपूर्वी खोलीवरचे पत्रे उतरविले गेले आणि वादी गावी निघून गेला.

आपल्यापैकी काही जण १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाकडे बोट दाखवितील. लेखी आणि नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारी ते कलम मालकावर टाकते, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे, असे सांगते. कलम उत्तम आहे. परंतु वादी मुळी भाडेकरूच नव्हता, असे मालकाने म्हटल्यावर अटींचा प्रश्न उद्भवतच नाही. शिवाय हा कायदा सरसकट सर्व गावांना लागू नसून अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या कामगाराच्या वकिलाला आपले गाव त्या अनुसूचीत आहे काय, येथून सुरुवात करावी लागते. पावती न देणे हा अपराध आहे, असे १९४७ च्या कायद्यानेच ठरविले होते; एवढ्या कारणावरून खटला भरला गेल्याचे माझ्या वकिलीत माझ्या पाहण्यात आलेले नाही.

काल सायंकाळी भाडे नियंत्रित असावे की मुक्त असावे, यावर दोन पक्षांत जो वाद रंगला, तो मी लक्षपूर्वक ऐकला. दोन्ही बाजूंना माझे सांगणे एकच आहे. पालघरच्या पेठेतील जुन्या घरांच्या दाव्यांत मी मालकांतर्फेही उभा राहिलो आणि भाडेकरूंतर्फेही. तेथे भाडे इतके तुटपुंजे होते की कौले शाकारण्याचाही खर्च त्यातून निघत नसे, आणि मालकिणीचे डोळे पुसण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. तरीही ते दावे पुष्कळदा तडजोडीने मिटले, कारण दोन्ही घरांत पावत्यांच्या चळती होत्या, आजोबांच्या नावाच्या, वडिलांच्या नावाच्या, आणि कोण कोणाचा काय लागतो याविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती. रकमेचा तंटा मिटतो. भाडेकरू हा भाडेकरू आहे की नाही, हा तंटा मिटत नाही. नियंत्रणवादी आणि मुक्तिवादी या दोघांनीही ज्या भाडेकरूविषयी वाद घातला, तो पेठेतला, पावतीवाला भाडेकरू होता. सरावलीच्या चाळीतला माणूस त्या वादात कोठेच नव्हता.

दुसरा वाद मालकीच्या घराचा. भाड्याच्या प्रश्नावर शासनाला गेल्या शंभर वर्षांत शेवटी एकच उत्तर सुचत आले आहे, ते म्हणजे भाडेकरूला मालक करणे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून, मुंबईत पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प झाला. त्यांतून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. गिरणी कामगाराच्या मजुरीशी भाड्याचा मेळ न बसल्यामुळे वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे ओस पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. त्याच वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला त्यांचा मनापासून आनंद आहे. परंतु १९५२ च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेखाली भाड्याने देण्यासाठी बांधलेली घरेही पुढे रहिवाशांच्या सहकारी संस्थांकडे मालकीने गेली, २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काढलेली १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजनाही गुंडाळली गेली आणि तीतली पुष्कळशी घरे गिरणी कामगारांना सोडतीने मालकी हक्काने मिळाली. प्रत्येक वेळी आधीचा भाडेकरू मालक झाला, आणि त्यानंतर गाडीतून उतरलेल्या कामगारासाठी सरकारी भाड्याची एकही खोली शिल्लक राहिली नाही. बोईसरला येणारा मनुष्य घर विकत घेण्यासाठी आलेला नसतो. त्याचे घर गोरखपुराकडे किंवा गंजामला आहे. त्याला येथे अब्रूने भाडे भरता यावे, एवढेच हवे आहे.

शासनाला हे कळत नाही, असेही म्हणता येत नाही. आपल्या नोकरांच्या निवासस्थानांचे भाडे त्यांच्या वेतनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये, असा दंडक सरकारने फार पूर्वीच मूलभूत नियमांत घालून घेतला होता. पुढे सपाट दर आले तरी भाडे वेतनपत्रकातूनच कापले जाते आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद राहते. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले तेव्हापासून बोईसरला कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तेथील कर्मचाऱ्याच्या हाती दरमहा येणारे पगारपत्रक हीच त्याची भाडेपावती असते. त्याच केंद्रात ठेकेदारामार्फत काम करणारा मजूर वसाहतीच्या कुंपणाबाहेर चाळीत भाडे भरतो आणि त्याच्याजवळ काहीही नसते. आणखी एक गोष्ट आपण सर्व जाणता: सरकारची आणि स्थानिक संस्थांची स्वतःची घरे भाडेनियंत्रण कायद्यातून वगळलेली आहेत. इतरांना पावतीची सक्ती करणाऱ्याने स्वतःला त्या कायद्याबाहेर ठेवावे, हे मला कधीच पटलेले नाही.

मालक पावती का देत नाही, याचे उत्तर लोभ एवढेच नाही. पालघर तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९७४ पासून जमीन महसूल संहितेच्या ३६अ कलमान्वये आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. तरीही कितीतरी चाळी अशा जमिनींवर मुद्रांकाच्या कागदावरील साध्या लिखाणाच्या आधारे उभ्या आहेत; सातबारा मूळ खातेदाराच्या नावे, बिनशेती परवाना नाही, बांधकामाला मंजुरी नाही. असा मालक पावतीवर सही करील तर ती त्याच्याच विरुद्धचा पुरावा ठरेल. ज्याच्या पायाखाली कागद नाही, तो दुसऱ्याच्या हाती कागद देत नाही. म्हणून हा प्रश्न महसूल खात्याने आणि गृहनिर्माण खात्याने एकत्र बसून सोडविला पाहिजे, आणि तो सोडविताना मूळ आदिवासी खातेदाराचा हक्क बुडता कामा नये, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवू इच्छितो.

२०२० च्या टाळेबंदीत २९ मार्च रोजी केंद्राने आदेश काढला की, स्थलांतरित कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये. १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकण्याची सूचना दिली. त्या दिवसांत मला येणाऱ्या दूरध्वनींत एकच प्रश्न असे: मालक म्हणतो, तू कोण, तुझी पावती दाखव. दोन्ही आदेश सदिच्छेचे होते, आणि ज्याच्यासाठी काढले त्याच्या हाती त्यांचा आधार घेण्यासाठी एक चिठोराही नव्हता.

कागद करणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात आणि तेव्हा हेच मालक भाडेकरूचे छायाचित्र, आधार क्रमांक, मूळ गाव अशी सर्व माहिती एका तक्त्यात भरून देतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये मिळकतीच्या मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना आहे. मी जे उतारे पाहिले, त्यांत चाळींच्या बाबतीत तो रकाना मालकाच्याच नावाने भरलेला होता. नवा तक्ता लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. असलेला रकाना खरा भरावा लागतो.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे, बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होऊ घातले आहे, आणि या दोन्ही कामांवर येणारी माणसे येत्या काही वर्षांत याच गावांतील खोल्यांत राहावयास येतील. त्यासाठी परिषदेने काही कामे हाती घ्यावीत, असे मला वाटते. एक नमुना पावतीपुस्तक तयार करावे, त्याचा मसुदा मराठी, हिंदी आणि ओडिया या तिन्ही भाषांत व्हावा. नमुना आठच्या रकान्याबाबत जिल्हा परिषदेशी पत्रव्यवहार करावा. चाळींखालील जमिनींची पाहणी करण्याविषयी महसूल खात्याकडे शिष्टमंडळ न्यावे. या कामांची समिती कार्यकारिणीने यथावकाश नेमावी. तपशील तिच्यावर सोपवितो.

परंतु एका कामाला समितीची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण चाळमालकांचे वकील आहात. आपल्या सल्ल्यावाचून ते एक पाऊलही टाकीत नाहीत. आपण घरी परतल्यावर त्यांना बोलावून घ्या आणि पावतीपुस्तक छापून घेण्यास सांगा. पावतीत खोलीचा क्रमांक, भाडेकरूचे नाव, महिना, भाड्याची रक्कम, विजेची रक्कम वेगळी, आणि मालकाची पूर्ण सही असू द्या. जो मालक नकार देईल, त्याचे वकीलपत्र घेऊ नका. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला बोईसर आणि सरावलीच्या चाळींत भाडे भरणाऱ्या माणसाच्या हाती पावती पडली पाहिजे.